जावामध्ये तारखेतून वेळ वजा करताना : कॅलेंडर की जावा डॉट टाइम?

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत तारखेतून दिवस किंवा तास वजा करण्यासाठी जुना कॅलेंडर क्लास चालू ठेवावा, की 2014 साली जावा 8 बरोबर आलेल्या जावा डॉट टाइम पॅकेजकडे, म्हणजे तारीख-वेळेच्या नव्या क्लासेसच्या संचाकडे, वळावे, हा प्रश्न मुख्यतः जुन्या प्रकल्पांत पडतो. उत्तर बहुधा दोन्हींकडून सारखेच येते. 31 मार्चमधून एक महिना वजा केला, तर दोन्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसावर थांबतात. कॅलेंडरमध्ये महिने शून्यापासून मोजावे लागतात, पण त्याची सवय होते.

माझ्यासाठी निर्णायक ठरली ती वेगळीच गोष्ट. कॅलेंडरच्या ॲड या मेथडला (क्लासमधल्या कृतीला) उणे तीन दिवस दिले, की नवी तारीख मिळत नाही. हातातली तारीखच बदलते. माझ्याकडे देखभालीसाठी आलेल्या एका वसुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदतीच्या तीन दिवस आधी आठवणीचा संदेश जात असे. संदेशाचा दिवस काढणाऱ्या मेथडला मुदतीचे ऑब्जेक्ट (ती तारीख धरून ठेवणारा कॅलेंडर) जसेच्या तसे दिले जाई, तिथे त्यातून तीन दिवस वजा होत आणि पुढे तेच ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवले जाई. त्यामुळे 10 एप्रिलची मुदत 7 एप्रिल होऊन बसे. वजाबाकी बरोबर असल्याने त्या ओळीवर कोणाचा संशय जात नसे. आधी क्लोन (प्रत) काढणे हा उपाय आहे खरा, पण तो प्रत्येकाने प्रत्येक वेळी आठवणीने करावा लागतो.

जावा डॉट टाइममधल्या लोकलडेट क्लासची मायनसडेज मेथड मूळ तारखेला हात लावत नाही, नवे ऑब्जेक्ट परत देते. ते व्हेरिएबलमध्ये घ्यायचे राहिले तर वजाबाकी वाया जाते, हे मान्य. पण ती चूक त्याच ओळीत सापडते, दुसऱ्या कोणाच्या तारखेत शिरत नाही.

अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना आणखी एक सोय जाणवेल. न्यूयॉर्कमध्ये 10 मार्च 2024 रोजी घड्याळ एक तास पुढे गेले. त्या दुपारच्या बारामधून एक दिवस वजा केला तर आदल्या दिवशीचे बारा येतात, चोवीस तास वजा केले तर अकरा. कॅलेंडरही हा भेद पाळतो, परंतु नव्या पॅकेजमध्ये पीरियड (दिवस-महिन्यांसाठी) आणि ड्युरेशन (तास-मिनिटांसाठी) हे दोन स्वतंत्र प्रकारच असल्यामुळे लिहिणाऱ्याला काय अभिप्रेत होते, ते वाचणाऱ्याला कळते.

एखादी जुनी लायब्ररी कॅलेंडरच मागत असेल, तर सगळा कोड एकदम बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्र वजाबाकी झोन्डडेटटाइम या टाइमझोनसह तारीख-वेळ ठेवणाऱ्या नव्या क्लासमध्ये उरकून, कॅलेंडरचाच प्रकार असलेल्या ग्रेगोरियनकॅलेंडरच्या फ्रॉम मेथडने शेवटच्या टप्प्यावर रूपांतर करणे मला अधिक सुरक्षित वाटते.