फॅमिलीसर्च: ब्रिटिश जनगणनेतला वयाचा घोळ सोडवताना

इंग्लंडमधले पूर्वज शोधायला फॅमिलीसर्च हे जुन्या नोंदींचं संकेतस्थळ फार उपयोगी. खातं उघडायचं, पैसे लागत नाहीत. मात्र 1841 ला वय 35 आणि 1851 ला 49 दिसलं, की माणूसच वेगळा असं समजू नका. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलंय, म्हणजे 39 चे 35. कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं गाव 1851 पासूनच मिळतं. तेव्हा आधी दोन्हींतली मुलांची नावं जुळवा, मग त्या गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद काढा. मूळ पानावरून उतरवलेल्या नावांच्या नुसत्या सूचीवर विसंबू नका. जुनं हस्ताक्षर वाचताना आडनावं चुकतात. मूळ पानासाठी मात्र बऱ्याचदा दुसऱ्या संकेतस्थळावर पैसे मोजावे लागतात, ही मोठी उणीव.