लेड झेपेलिनचा चौथा अल्बम : आठ महिने मोळीवाल्याच्या सहवासात

आधीच सांगतो, ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनची ही 1971 ची एलपी (तबकडी) मी गाण्यांसाठी घेतली नाही. गाणी तोंडपाठ होती. घेतली ती कव्हरसाठी, आणि त्यातही त्यात दडलेली टॅरोची पानं, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते, शोधायला. माझी प्रत 2014 च्या रीमास्टरची (आवाज नव्याने सुधारून काढलेली), 180 ग्रॅमची. सोबत 1909 च्या रायडर-वेट टॅरोच्या 78 पानांचा एक संच. हे दोन्ही शेजारी ठेवून आठ महिने काढले, त्याचा हा हिशेब.

पार्सल आलं तेव्हा कव्हरचा खालचा कोपरा चेपलेला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की 'कव्हर हे पॅकिंग समजावं'. ज्या अल्बमवर बँडने पुढे-मागे कुठेही स्वतःचं नाव छापलं नाही आणि अख्खा भरवसा चित्रावर टाकला, त्याच्याबद्दल हे वाक्य! असो.

पहिल्या दोन महिन्यांत मला जिथे-तिथे टॅरो दिसत होता. पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा? 'टेन ऑफ वाँड्स'. कव्हर पूर्ण उघडलं की पोपडे आलेल्या भिंतीपलीकडे दिसणारी उंच इमारत? 'द टॉवर', सोळावं पान. वहीत अकरा पानांची यादी झाली होती. आज त्यातलं एकच पान उरलंय.

ते पान हर्मिटचं, म्हणजे एकांतवासी साधूचं, नववं. त्याबद्दल वाद घालायला जागाच नाही, कारण कव्हरच्या आतल्या दोन्ही बाजू व्यापून तोच उभा आहे. चित्र बॅरिंग्टन कोल्बी यांच्या नावावर आहे. ते नीट बघायचं तर कव्हर उघडून उभं धरावं लागतं. दोन्ही हात गुंततात, त्यामुळे पत्ता शेजारी धरायला तिसरा हात हवा. मी शेवटी कव्हर भिंतीला टेकवलं आणि पत्ता त्याच्या कडेला चिकटपट्टीने लावला. तुम्ही हे करू नका, चिकटपट्टी काढताना पुठ्ठ्याचा पापुद्रा निघतो.

पत्त्यावर पामेला कोलमन स्मिथने काढलेला हर्मिट बर्फाळ शिखरावर एकटा आहे. करडा झगा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील, कंदिलात सहा टोकांचा तारा. मान खाली. त्या पानावर दुसरं कुणीच नाही. कव्हरवर मात्र खाली पायथ्याशी एक माणूस चढायला लागलाय. मला तो तिसऱ्या महिन्यात दिसला म्हटलं तरी चालेल. म्हणजे डोळ्यांना आधीही दिसत होता, पण तो पत्त्यात नाही हे तेव्हा जाणवलं. मग संच तयार करवून घेणाऱ्या वेटचं स्पष्टीकरण वाचलं. त्याचा आशय असा की हा कंदील 'मी जिथे पोचलो तिथे तूही पोचशील' असं सांगतो. मग तो चढणारा माणूस म्हणजे त्या वाक्यातला 'तू' की! कोल्बीने पत्त्याची नक्कल केली नाही, पत्त्याच्या अर्थाचं चित्र काढलं. हे लक्षात आलं त्या दिवशी कव्हरचे पैसे वसूल झाले. पुढे बँडच्या 1976 च्या चित्रपटात गिटारवादक जिमी पेज रात्री डोंगर चढून हर्मिटपर्यंत पोचतो आणि त्या हर्मिटचा चेहरा पेजचाच निघतो. म्हणजे पेजच्या डोक्यातून तो माणूस पाच वर्षांनंतरही गेला नव्हता.

आरशाचा प्रयोगही केला. कव्हर आरशासमोर धरलं की खडकांत शिंगं असलेला काळा प्राणी दिसतो म्हणतात. दिसतो. पण तसा तो कुठलाही खडबडीत दगड अर्धा करून जोडला की दिसतो. माझ्या वहीच्या डागाळलेल्या पुठ्ठ्यातही दिसला, त्याला तर चार डोळे होते.

आता मोळीवाला. बँडचा गायक रॉबर्ट प्लँटला हे चित्र इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं. बरीच वर्षं लोक ते पेंटिंग समजत होते. 2023 मध्ये ब्रायन एडवर्ड्स या संशोधकाला व्हिक्टोरियन छायाचित्रांच्या एका अल्बममध्ये मूळ फोटो सापडला : 1892 चा, अर्नेस्ट फार्मरने काढलेला. आणि तो म्हातारा बहुतेक विल्टशरमधल्या मेअरचा लॉट लाँग, गवताची छपरं शाकारणारा. पुढच्याच वर्षी तो वारला. फार्मरने अल्बमवर 'अर्नेस्टकडून आँटीला भेट' अशा अर्थाचं लिहिलंय. इंग्रजीत आँटी एकच, त्यामुळे ती मावशी, आत्या की काकू हे कळायला मार्ग नाही.

हे वाचून वहीतलं 'टेन ऑफ वाँड्स' खोडलं. फोटो 1892 चा, पत्ता 1909 चा. शिवाय पत्त्यावरचा माणूस काठ्या समोर कवटाळून चालतोय, त्याचं तोंड काठ्यांत बुडालंय. लॉट लाँगची मोळी पाठीवर आहे, तो काठीवर भार टाकून थांबलाय आणि कॅमेऱ्याकडे बघतोय. आता कुणी म्हणेल, फोटो जुना असला तरी तो निवडताना पत्ता डोक्यात असू शकतो. असू शकतो. पण पेजने नंतर याचा अर्थ गाव आणि शहर, जुनं आणि नवं असा सांगितलाय, आणि तो कव्हरवरच दिसतो : मागची इमारत बर्मिंगहॅममधली सॅलिसबरी टॉवर. वीज नाही, कोसळणारा मुकुट नाही, माणसं पडत नाहीत. लोक राहतात तिथे. 'द टॉवर'ही खोडलं.

बँडमधल्या चौघांनी नावांऐवजी वापरलेल्या चार चिन्हांबद्दल थोडक्यात. बेसवादक जोन्स आणि ड्रमवादक बॉनमने आपापली चिन्हं रुडॉल्फ कॉखच्या चिन्हांच्या पुस्तकातून उचलली. बॉनमची तीन कडी उलटी केली की बॅलंटाइन बिअरचा लोगो होतो, आणि बँडलाही याची गंमत वाटली होती. प्लँटचं पीस त्याचं स्वतःचं. पेजचं चिन्ह मात्र खरोखर गूढ आहे, कारण त्याने अर्थ कधी सांगितलाच नाही.

पेजचं अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याचं वेड खोटं नव्हतं. पेजने 1970 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवराकाठचं क्रोलीचं जुनं घर विकत घेतलं होतं, आणि तिसऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ टेरी मॅनिंगने सुई संपते त्या कोऱ्या पट्टीत क्रोलीचं वचन कोरलं होतं. मीही टॉर्च घेऊन माझ्या प्रतीची ती पट्टी तपासली. नंबर आहेत, बाकी काही नाही. चौथ्या अल्बमवर तिसऱ्याचं वचन शोधत होतो, हे पंधरा मिनिटांनी लक्षात आलं.

बाकी तक्रारी : आतल्या कागदी पाकिटातून तबकडी काढताना ती घासते, दुसऱ्याच आठवड्यात वेगळं पाकीट घेतलं. आवाज स्वच्छ आहे, ढोल विशेष. नुसतं ऐकायचं असेल तर हे कव्हर हवंच असं नाही.

टॅरोचा संच मित्राला दिला. हर्मिटचं पान तेवढं काढून घेतलं होतं, त्याला अजून कळलेलं नाही. ते कव्हरच्या आत असतं. कव्हर मात्र आता बंद करून, दर्शनी बाजू पुढे ठेवतो. लॉट लाँग बघत असतो.