महालातील बाइंडरकडून शिवून घेतलेली कोरी वही

नागपूरच्या महाल भागातील एका बाइंडरकडून मी जुजबंदीची, म्हणजे दोऱ्याने शिवलेली कोरी वही करून घेतली. रोजनिशी लिहिण्याची माझी जुनी सवय मोबाइल हातात आल्यानंतर हळूहळू सुटली होती आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा लिहावेसे वाटू लागले, तेव्हा कशात लिहावे हा पहिला प्रश्न होता. मोबाइलवर लिहून पाहिले. परंतु ज्या पडद्यावर मनातले उतरवायचे, त्याच पडद्यावर दर दोन मिनिटांनी कोणाचा तरी निरोप येऊन पडत असेल, तर एक परिच्छेदसुद्धा सलग होत नाही.

सीताबर्डीच्या दुकानांतून मिळणाऱ्या तयार वह्या मी आधी पाहिल्या होत्या. तारखा छापलेली वार्षिक डायरी रोज नेमाने लिहिणाऱ्याला उत्तम. खंड पडलेल्या माणसाला मात्र ती प्रत्येक कोऱ्या तारखेचा हिशेब विचारते. चामडी वेष्टनाच्या वह्या देखण्या असतात, पण त्यांत पहिले वाक्य लिहायला हात धजावत नाही. स्पायरलची वही स्वस्त आणि सोयीची असली तरी तिचे पान ओढले की निघते, आणि लिहायला नव्याने बसलेल्या माणसासाठी हाच तिचा मोठा दोष आहे.

बाइंडरकाकांनी आधी विचारले, “ताई, हिशेबाची पाहिजे की लिहायची?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यावर कागदाची जाडी, आकार आणि बांधणी ठरते. आम्ही डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), 100 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा मॅपलिथो (लेखन-छपाईचा साधा पांढरा) कागद आणि 160 पृष्ठे असे ठरवले. चार कागद मधोमध दुमडून एकात एक बसवले की 16 पृष्ठांचा एक फर्मा होतो; असे दहा फर्मे घडीतून दोरा घालून एकमेकांना शिवले जातात, पाठीला जाळीचे कापड चिकटवले जाते, मग अस्तराचा कागद आणि पुठ्ठा लावून वही दाबाखाली सुकत ठेवली जाते. मॅपलिथो विदर्भाला परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची कागद गिरणी 1940च्या दशकापासून आपल्या भागात उभी आहे.

या बांधणीचा पहिला लाभ असा की वही पूर्ण उघडून टेबलावर सपाट राहते आणि डाव्या पृष्ठावर ओळीच्या पाठीजवळच्या टोकापर्यंत हात न अडता लिहिता येते. त्यासाठी कागदाचा कल, म्हणजे त्यातील तंतूंची दिशा, पाठीला समांतर असावी लागते. कागद आडवा कापला तर पाने ताठ उभी राहतात. ही बाब काकांनी न सांगता सांभाळली, यावरून त्यांच्या कामाची खात्री पटली. केवळ डिंकाने चिकटवलेल्या वह्यांची पाठ नागपूरच्या मे महिन्यातील 45 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकते आणि पाने सुटू लागतात. शिवलेल्या वहीत पानाला दोऱ्याचा आधार असतो.

दुसरा लाभ मला वापरताना उमगला आणि या वहीची शिफारस मी मुख्यतः त्यासाठीच करते. फर्म्यातील प्रत्येक पान दुसऱ्या एका पानाशी जोडलेले असते. एक फाडले की त्याचे जोडपान सैल होते. त्यामुळे लिहिलेले आवडले नाही म्हणून पान फाडून टाकता येत नाही. दीर्घ खंडानंतरची पहिली पाने वाईटच असतात. वाक्ये तुटक येतात, तक्रारी फार असतात आणि मोबाइलवर वाचलेल्या कोणाच्या तरी शब्दांचे पडसाद त्यांत उमटतात. ती पाने समोर राहिली म्हणून मला पुढचे पान त्यांच्या पुढे नेता आले, आणि तिसऱ्या फर्म्याच्या सुमारास आईच्या शेवटच्या आजारपणाविषयी, जे मी आजवर कोणाला धड बोलूनही दाखवले नव्हते, ते लिहिता आले. पडद्यावर मी तो मजकूर नक्कीच पुसून टाकला असता.

मी फाउंटन पेन आणि कॅमलिनची रॉयल ब्लू शाई वापरते. या कागदावर शाई फुटत नाही आणि मागच्या बाजूला उतरत नाही. मात्र जाड निबने लिहिल्यास शाई सुकायला थोडा अवधी लागतो, म्हणून टिपकागद जवळ ठेवावा. रॉयल ब्लू पाण्याने धुतली जाणारी शाई असल्याने पावसाळ्यात ही वही पिशवीत उघडी नेऊ नये. कागद निवडताना आपले पेन सोबत न्यावे आणि तुकड्यावर दोन ओळी लिहून पाहाव्यात, कारण जीएसएम सारखे असूनही दोन कागदांवर शाई सारखी बसत नाही.

उणिवाही सांगते. रेघा आखून मिळत नाहीत, कारण आखणीचे काम मोठ्या संख्येतच परवडते. जाड काळ्या रेघांचा कागद पानाखाली ठेवून मी काम भागवते, पण 100 जीएसएममधून त्या अंधुक दिसतात. पुढची वही 80 जीएसएमची सांगणार आहे. पावसाळ्यात पुठ्ठा किंचित वाकला, म्हणजे दाबाखाली आणखी एक रात्र हवी होती. खुणेची फीत सांगितल्याशिवाय लावत नाहीत. कागदाचा पांढरेपणा दिव्याखाली डोळ्यांवर येतो, त्यामुळे पिवळसर छटेचा कागद उपलब्ध आहे का, हे आधीच विचारावे.

मला एका वहीला 300 रुपयांच्या आसपास खर्च आला. तयार वहीपेक्षा तो जास्त आहे, परंतु पेनापेक्षा कागदावर आणि बांधणीवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. साध्या पेनानेही चांगल्या कागदावर हात चालतो, उलट मात्र होत नाही. प्रबंधांच्या बांधणीची घाई असते त्या दिवसांत काका नवे काम घेत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करून जावे आणि शक्य असल्यास एकाच कागदाच्या दोन वह्या एकदम सांगाव्यात.