सँडविच रेस्टॉरंटची फ्रँचायझी : काही महिने स्वतः चालवल्यानंतरचा अनुभव

एका नावाजलेल्या साखळीची सँडविच फ्रँचायझी घेऊन ती काही महिने रोज स्वतः चालवल्यानंतर हे लिहीत आहे. ब्रँडचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढील बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही साखळीला लागू पडतात. माझे मत आधीच सांगतो. प्रवेश फी किती, याच प्रश्नावर लोक अडून बसतात. परंतु विक्रीच्या प्रत्येक शंभरातून इतरांच्या वाट्याला किती जाते आणि दुपारच्या दोन तासांत आपले काउंटर किती माणसांना वेळेवर खाऊ घालू शकते, या दोन गोष्टींवर हा व्यवसाय उभा राहतो किंवा कोसळतो.

सुरुवातीचा खर्च इतर खाद्यव्यवसायांच्या तुलनेत कमी असतो, हे खरे आहे. तळणीच्या कढया नाहीत, त्यामुळे तेलकट धूर खेचणारी मोठी आणि महाग यंत्रणा सहसा लागत नाही; ब्रेड भाजण्याचा ओव्हन, पीठ फुगवण्याचे कपाट, थंड राहणारे मांडणी-टेबल, स्लायसर आणि शीतकपाटे एवढ्यावर काम भागते, आणि लहान गाळाही पुरतो. १९६५ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे सुरू झालेल्या आणि १९७४ पासून फ्रँचायझी देऊ लागलेल्या सबवे या सँडविच-साखळीचा जगभर विस्तार झाला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. तिची अमेरिकेतील प्रवेश फी अनेक वर्षे १५ हजार डॉलर होती. दुकान उभारण्याचा एकूण खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट होता. माझ्या बाबतीतही हेच प्रमाण दिसले. पैसा खऱ्या अर्थाने गेला तो गाळ्याच्या कामात: सांडपाण्याची वाट, वाढीव वीजभार, धुता येणारी जमीन व भिंती, हात धुण्याची आणि भांडी धुण्याची स्वतंत्र सोय, परवाने, आणि ब्रँडने ठरवून दिलेले फर्निचर व पाट्या. पूर्वी खाद्यपदार्थांचेच दुकान असलेला गाळा मिळाला, तर या खर्चात मोठी बचत होते, म्हणून थोडे जास्त भाडे देऊनही असा गाळा घेणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय काम चालू असताना भाड्याचे मीटर चालूच असते. उभारणीच्या काळापुरते भाडे माफ करून घेणे ही करारावर सही करण्यापूर्वीची सर्वांत फायदेशीर वाटाघाट आहे.

खेळत्या भांडवलाबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला २३ कलमांचा एक प्रकटन-दस्तऐवज सहीच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी इच्छुकाला द्यावा लागतो, आणि त्यातील सातव्या कलमात एकूण गुंतवणुकीचा अंदाज असतो. तो सर्वांनी वाचावा, परंतु त्यातील ‘अतिरिक्त निधी’ ही ओळ दोनदा वाचावी. ती बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांपुरतीच असते आणि मालकाचा स्वतःचा घरखर्च तिच्यात सहसा धरलेला नसतो. उद्घाटनाच्या आठवड्यातील गर्दी ओसरल्यावर विक्री खाली येते आणि मग हळूहळू, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या बळावर, वर चढते. या चढणीला तीन महिने पुरत नाहीत. निदान वर्षभराचे भाडे, पगार आणि घरखर्च यांतील तूट भरून निघेल एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय कोणी यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या शंभराच्या हिशेबाकडे येतो. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडला नियमित द्यावा लागणारा वाटा, नफ्यावर नव्हे, विक्रीवर मोजली जाते, ही गोष्ट कागदावर वाचताना साधी वाटते. महिनाअखेरीस ती फार वेगळी जाणवते. सबवेच्या प्रचलित करारात ८ टक्के रॉयल्टी आणि ४.५ टक्के जाहिरात निधी असतो. जर्सी माइक्स या दुसऱ्या अमेरिकन सँडविच-साखळीची रॉयल्टी ६.५ टक्के आणि तशाच जिमी जॉन्सची ६ टक्के आहे. आता असे धरा की शंभराच्या विक्रीत कच्चा माल आणि वेष्टन यांवर ३२ गेले, पगारांवर २८, भाड्यावर १०, ब्रँडकडे १२, आणि वीज, विमा, दुरुस्ती, कार्ड-शुल्क मिळून ८. हातात १० उरले. कर्जाचे हप्ते, प्राप्तिकर आणि पुढील नूतनीकरणाची तरतूद या दहातूनच करायची असते. विक्री घटली तर रॉयल्टी प्रमाणात घटते, पण भाडे घटत नाही आणि दुकान उघडे ठेवायला लागणारी किमान माणसेही घटत नाहीत. त्यामुळे विक्री थोडी खाली आली की नफा मात्र झपाट्याने खाली येतो.

सवलतींच्या मोहिमांकडे याच हिशेबातून पाहावे. ब्रँडचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असल्याने स्वस्त दरात जास्त विक्री झाली तरी त्याला लाभच होतो, मात्र दुकानदाराचा लाभ प्रत्येक सँडविचमागे काय उरते यावर ठरतो. सबवेची २००८ मध्ये अमेरिकाभर गाजलेली पाच डॉलरची फूटलाँग (फूटभर लांबीच्या सँडविचची) योजना याचे ठळक उदाहरण आहे: तिने गर्दी खेचली, आणि मालाचे दर चढत गेले तशी ती अनेक फ्रँचायझीधारकांना परवडेनाशी झाली. डिलिव्हरी ॲपच्या ऑर्डरींचेही असेच आहे. ॲपने शंभरातून २५ घेतले आणि करारानुसार रॉयल्टी व जाहिरात निधी पूर्ण शंभरावर मोजला गेला, तर मालाचा खर्च वजा जाता पगार, भाडे आणि बाकी सर्वांसाठी ३१ उरतात. म्हणून सवलतीत सहभाग सक्तीचा आहे का, ॲपवर वेगळा दर लावता येतो का, आणि रॉयल्टी कोणत्या आकड्यावर मोजतात, हे तीन प्रश्न वकिलाकडून लेखी तपासून घ्यावेत.

ब्रँडच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे, आणि ते मनापासून सांगतो. मांडणी-टेबलावर कोणता डबा कुठे असावा, ऑर्डर घेणारा, भरणारा आणि पैसे घेणारा यांनी कुठे उभे राहावे, उद्याच्या ब्रेडचा अंदाज आज कसा बांधावा, हे सारे मला तयार मिळाले. दुपारी रांग दारापर्यंत पोहोचते तेव्हा या शिस्तीचे मोल कळते, कारण रांग पाहून परत गेलेले गिऱ्हाईक त्या दिवसापुरते तरी गेलेलेच असते. वजनकाट्याची सक्ती सुरुवातीला जाचक वाटते, परंतु ६० ग्रॅम घालायचे तिथे सैल हाताने ७० ग्रॅम पडले, तर त्या मालाचा खर्च एक षष्ठांशाने वाढतो. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवण्याच्या नोंदीही अशाच: रोज कंटाळवाण्या, आणि तरीही ज्यांवर एका तासाचीही तडजोड चालणार नाही अशा.

पुरवठ्याची अट मात्र डोळे उघडे ठेवून वाचावी. ठरावीक पुरवठादाराकडूनच माल घेण्याची सक्ती चवीच्या सातत्यासाठी समजण्यासारखी आहे, पण त्या पुरवठ्यावर ब्रँड किंवा त्याची भगिनी कंपनी किती कमावते, हे प्रकटन-दस्तऐवजाच्या आठव्या कलमात पाहता येते. क्विझनोस या अमेरिकन सँडविच-साखळीच्या फ्रँचायझीधारकांनी मालाच्या चढ्या दरांवरून न्यायालय गाठले होते. ऐन भरात अमेरिकेत हजारो दुकाने असलेल्या या साखळीने २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच दस्तऐवजाच्या बाराव्या कलमात क्षेत्राचे संरक्षण असते, किंवा ते नसल्याची कबुली असते. सबवेची अमेरिकेतील दुकाने २०१५ च्या सुमारास २७ हजारांवर पोहोचली होती आणि पुढील वर्षांत हजारो बंद झाली. एकाच ब्रँडची दुकाने एकमेकांच्या इतकी जवळ आली की गिऱ्हाईक तेच राहिले आणि वाटेकरी वाढले.

स्वतः दुकानात उभे न राहता केवळ गुंतवणूक म्हणून एक दुकान घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. वरच्या हिशेबात उरलेल्या दहातून व्यवस्थापकाचा पगार काढला, तर एका दुकानातून फारसे काही उरत नाही. त्या पद्धतीला काही दुकाने एकत्र असावी लागतात.

सही करण्यापूर्वी प्रकटन-दस्तऐवजाच्या विसाव्या कलमातील दुकानदारांची यादी काढून चालू दुकानदारांइतकेच, सोडून गेलेल्यांशीही बोलावे. त्यांना एकूण विक्री विचारू नये, ती एकोणिसाव्या कलमातही सापडू शकते; मालकाच्या हाती पहिल्या वर्षी काय पडले, कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती का, आणि दुकान विकताना हस्तांतरण शुल्क व ब्रँडची संमती यांत किती काळ गेला, हे विचारावे. आणि गाळ्याचा भाडेकरार फ्रँचायझीच्या कराराआधी संपत नाही ना, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे.