बोटीच्या इंजिनला स्टेनलेस एक्झॉस्ट: एक हंगाम, ८६ तास

जुना रायझर, म्हणजे इंजिनचा धूर वर उचलून मागे नेणारी नळी, आमच्या बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शॉपमध्ये बँडसॉवर उभा कापला, तेव्हा आपण काय घेऊन समुद्रात फिरत होतो ते दिसलं. रायझरमध्ये दोन वाटा असतात. आतून इंजिनचा गरम धूर जातो आणि बाहेरच्या पोकळीतून इंजिन गार करून आलेलं समुद्राचं पाणी. मधली बिडाची भिंत एका ठिकाणी जेमतेम दीड मिलिमीटर उरली होती. तिच्या आजूबाजूला गंजाचे पापुद्रे, नखाने निघतील असे. ती भिंत फुटली असती तर पाणी थेट सिलिंडरमध्ये गेलं असतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि अख्खं इंजिन एका स्टार्टमध्ये भंगारात जातं.

बोट २१ फुटी आहे, मावसभावाची आणि माझी निम्मी-निम्मी, मांडव्याला असते. इंजिन ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८, स्टर्नड्राइव्ह. म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, बाहेर. मागे ओव्हरहॉल करताना भावाने जरा जास्त ओव्हरलॅपचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवून घेतला होता. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच प्रश्न येतो. मी राहतो बडोद्यात, दांडिया बाजारात. कलाभवनात शिकलो आणि बावीस वर्षं केमिकल कंपन्यांसाठी स्टेनलेसची व्हेसल्स आणि हीट एक्स्चेंजर बनवतोय. समुद्राशी माझं नातं सुट्टीपुरतं, पण ३१६एल जातीचं स्टेनलेस रोज हाताखालून जातं. म्हणूनच या किटकडे मी बोटवाल्यापेक्षा फॅब्रिकेटरच्या नजरेने जास्त पाहिलं.

पर्याय दोन होते. बिडाचाच नवा संच घ्यायचा. तो स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांनी पुन्हा हेच. नाहीतर पाण्याचं जॅकेट असलेले स्टेनलेस हेडर, प्रत्येक सिलिंडरची नळी वेगळी आणि पुढे जाऊन एकत्र होणारी. भावाला वेग हवा होता, मला जाड आणि तपासता येईल अशी भिंत. दोघांचं स्टेनलेसवर एकमत झालं. किट, ड्युटी, होस, गॅस्केट, क्लॅम्प सगळं धरून सहा लाखांच्या वर गेलं. मजुरी धरलेली नाही, कारण काम आम्हीच केलं.

किट आधी बडोद्याला आलं. शॉपमध्ये मटेरियल तपासायची गन आहे, ती प्रत्येक नळीवर लावली. मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे माल खरोखर ३१६. हे तपासायलाच हवं, कारण ३०४ आणि ३१६ डोळ्यांना सारखेच दिसतात आणि लोहचुंबकानेही भरवशाचं काही कळत नाही. फरक त्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास. आमच्या धंद्यात एवढं क्लोराइड आणि वर उष्णता असं ड्रॉइंग आलं, तर ३१६ सुद्धा आम्ही सुचवत नाही. म्हणून सुरुवातीपासून माझ्या मनात धाकधूक होती आणि मी प्रत्येक फेरीची वही ठेवली.

दसऱ्यानंतर दोन्ही हेडर गोधडीत गुंडाळून गाडीत घातले, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला उतरलो आणि तीन दिवसांत बसवून टाकले. उतरवलेला बिडाचा संच काट्यावर साठ किलोच्या आसपास भरला, नवा पस्तीस. एक गोष्ट सांगून ठेवतो. स्टेनलेस गरम झाल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दीडपट पसरतं. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून गार झालं की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघायचेच. आमचे सोळापैकी पाच सैल निघाले. पाच तासांनी पुन्हा पाहिले तेव्हा एक.

आता पाण्याबद्दल. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये खरा विषय हाच आहे. गाडीचा सायलेन्सर मोकळ्या हवेत लटकतो. बोटीत तीच उष्णता बंद खोक्यात, पेट्रोलच्या टाकीशेजारी असते. म्हणून रायझर ओलांडला की इंजिनचं पाणी धुरात सोडतात आणि पुढे साधा रबरी होस चालतो. हे पाणी कुठे सोडायचं यावर सगळं ठरतं. इंजिनच्या फार जवळ सोडलं तर मंद गतीवर ते उलटं येतं. ओव्हरलॅप जास्त असलेल्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे असतात, सिलिंडर मागे श्वास ओढतो आणि धुराबरोबर पाण्याचे तुषार आत घेतो. प्लगवर तपकिरी ठिपके दिसतात, मग व्हॉल्व्हच्या दांड्या गंजतात. मांडव्याला जेट्टीजवळ आणि मासेमारीच्या जाळ्यांमधून आम्ही बराच वेळ सातशे-आठशे आरपीएमवर चालतो, म्हणजे आमच्याकडे हा धोका दुप्पट. म्हणून पाणी शेपटीच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, टोकाजवळ मिसळणारे, आतून लांबवर कोरडे राहणारे रायझर घेतले, आणि बोट पूर्ण भरलेली असताना एल्बोचा (रायझरच्या वरच्या वाकाचा) माथा पाण्याच्या रेषेपासून तेरा इंच वर आहे ना, हे टेपने मोजलं. सहा माणसं मागच्या बाकावर बसवून मोजलं. रिकाम्या बोटीवरचं माप फसवतं.

दर दहा तासांनी प्लग काढून बोरोस्कोप (नळीच्या टोकाला कॅमेरा) आत घातला. सातव्या सिलिंडरचा प्लग गेल्या हंगामात गंजला होता. यंदा आठही सिलिंडर शेवटपर्यंत कोरडे. मला विचाराल तर सहा लाखांपैकी पाच इथेच वसूल झाले.

वेगाचं थोडक्यात सांगतो. त्याच पंख्यावर पूर्ण थ्रॉटलला पूर्वी ४,६५० आरपीएम मिळत होते, आता ४,८००. जीपीएसवर दोन नॉट वाढले. यातलं किती श्रेय हेडरचं आणि किती गंजाने चोंदलेली वाट मोकळी झाली म्हणून, हे मी वेगळं काढू शकत नाही. माझा अंदाज अर्धं-अर्धं. पेट्रोलमध्ये फरक नाही. नुसत्या वेगासाठी हा खर्च करू नका, पंखा बदला.

आवाज हा वेगळा विषय. जुना धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली जायचा. नवा ट्रान्समला दोन भोकं पाडून थेट बाहेर. पहिल्या रविवारी खांदेरीपर्यंत गेलो तेव्हा अंगावर काटा आला, इतका तो घुमत होता. तिसऱ्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा, माझं डोकं उठतं." चौथ्या रविवारी जेट्टीवरचे तांडेल काका आले. वीस वर्षं ते आमच्या बोटीकडे प्रेमाने बघत आलेत. ते म्हणाले, "शेठ, पहाटे पोरं झोपलेली असतात." मला लाज वाटली. जानेवारीत दोन्ही शेपट्यांमध्ये मरीन सायलेन्सर बसवले, पन्नासेक आरपीएम गेले आणि घरात शांतता आली. किटबरोबरच ते मागवायला हवे होते. ट्रान्समला नुसती भोकं पाडून मोकळं होऊ नका. किनाऱ्यावर माणसं राहतात.

आणि एक, हे गंमतीवारी नेऊ नका. ट्रान्समवरून धूर निघतो तेव्हा इंजिन चालू ठेवून मागच्या फळीवर कुणालाही बसू किंवा पोहू द्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. संथ चालणाऱ्या बोटीच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूर पुन्हा आत ओढला जातो. आमच्याकडे आता नियम आहे: मुलं पाण्यात तर चावी माझ्या खिशात.

मार्चमध्ये जे झालं ते या लेखाचं कारण आहे. ५८ तास झाले होते. डाव्या हेडरवर, पाणी आत येतं त्या बॉसच्या (नळी जोडायच्या जाड गोल तुकड्याच्या) वेल्डशेजारी, चहाच्या रंगाचा एक ओघळ दिसला. हात लावला तर ओलसर. हेडर उतरवून बडोद्याला आणला, चिरा दाखवणारा रंग, म्हणजे डाय पेनेट्रंट, मारला. वेल्डच्या कडेने केसाएवढी लाल रेघ उमटली. बोरोस्कोपने आतून पाहिलं तर तिथे निळा-तपकिरी रंग तसाच होता. वेल्ड करताना मागच्या बाजूने हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू नीट सोडला नव्हता आणि नंतर पिकलिंगही, म्हणजे ॲसिडने तो रंग काढणंही, केलं नव्हतं. आमच्या शॉपमध्ये नव्या पोराने असं केलं तर मी तो जॉब परत पाठवतो. त्या रंगाच्या थराखाली स्टेनलेसचं क्रोमियम कमी झालेलं असतं, खारं पाणी नेमकं तिथे शिरतं. बनवणाऱ्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं की खाऱ्या पाण्यातल्या वापराची वॉरंटी गोड्या पाण्याने धुतल्याची नोंद असेल तरच. नोंद माझ्याकडे तारखेनिशी होती, ती पाठवली. मग उत्तरच आलं नाही. वाईट वाटलं. पैशांपेक्षा जास्त, कारण बाकीचे वेल्ड खरंच देखणे आहेत. ज्याने ते केले त्याचा हात चांगला आहे, एकाच जागी कुणीतरी घाई केली.

दुरुस्ती घरचीच. चीर घासून काढली, जॅकेट आर्गॉनने भरून ३१६एलच्या रॉडने टिग वेल्ड मारला, पिकलिंग, पॅसिव्हेशन (वरचा संरक्षक थर पुन्हा तयार करणं), मग दीड बारवर अर्धा तास पाणी धरून ठेवलं. पुढचे २८ तास तो जोड कोरडा आहे.

त्याच वेळी क्लॅम्पवर गन लावली. पाकिटावर ३१६ छापलेलं, पट्टीत मॉलिब्डेनम औषधालाही नाही. होसखाली, जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही, तिथे नळीवरही बारीक खड्डे पडायला सुरुवात झाली होती. सगळे क्लॅम्प बदलले, आणि आता दर दोन महिन्यांनी होस सरकवून खालची जागा पुसतो. स्टेनलेस मरतं ते अशा झाकलेल्या जागी. वरची चकाकी पाहून कधी समाधान मानू नका.

एक सवय मात्र त्या चिरेनेच लावली. पूर्ण वेगात येऊन लगेच इंजिन बंद केलं की पंप थांबतो, जॅकेटमधलं उरलेलं पाणी तापलेल्या भिंतीवर उकळतं आणि मीठ तिथेच घट्ट होतं. ताण, उष्णता आणि क्लोराइड एकत्र आले की या धातूला तडे जातात. केमिकलवाले हे रोज बघतात. म्हणून नांगर टाकण्याआधी पाच मिनिटं मंद गतीवर चालवतो. जेट्टीवर आलो की गोड्या पाण्याने धुतो. मांडव्याला पाणी सहज मिळत नाही, आम्ही दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवतो आणि तो दहा मिनिटांत संपतो. दर फेरीला एक ड्रम, हा खर्च धरूनच चला.

तापमान बघायला इन्फ्रारेड बंदूक वापरत असाल तर एक सूचना. चकचकीत स्टेनलेसवर ती खूप कमी आकडा दाखवते. रायझरवर रुपयाएवढा काळा, उष्णता सोसणारा रंग लावा आणि त्याच ठिपक्यावर नेम धरा. मला एप्रिलमध्ये उजवा रायझर डाव्यापेक्षा पंधरा अंशांनी गरम दिसला तो अशाच ठिपक्यामुळे. पाण्याच्या गाळणीत मुंबईच्या बाजूचा चिखल बसला होता. नुसत्या चकाकीवर मोजलं असतं तर दोन्ही सारखे दिसले असते.

जूनमध्ये बोट वर घेतली, सगळं उघडलं. उजवी बाजू आतून स्वच्छ. डाव्या बाजूला दुरुस्ती सोडून आणखी एका बॉसमध्ये तसाच रंग दिसला, अजून चीर नाही. तोही खरवडून, पिकलिंग करून घेतला. ट्रान्समच्या टोकावरची रबरी झाकणं कडक झाली होती, ती बदलली. पायावरचे बळीचे ॲनोड, म्हणजे पायाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे, मागच्या हंगामापेक्षा लवकर खाल्ले गेले. ॲल्युमिनियमच्या पायाजवळ एवढं स्टेनलेस आणल्यावर ते होणारच, आता अर्ध्या हंगामात एकदा बघणार आहे.

पुन्हा घेईन का? हो, पण माल बोटीवर नेण्याआधी प्रत्येक वेल्ड आतून बघेन आणि शंका आली तर शॉपमध्येच पुन्हा पिकलिंग करेन. ज्यांच्या ओळखीत चांगला स्टेनलेसवाला नाही आणि जवळ गोडं पाणी नाही, त्यांनी बिडाचा नवा संच घ्यावा आणि चौथ्या वर्षी न चुकता उतरवून आत पाहावं.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात हेडर पुन्हा गोधडीत गुंडाळले. दोन्ही बाजूंचे नवे गॅस्केट गाडीच्या डिकीत आहेत, टॉर्क रेंच कॅलिब्रेट करून आणलाय. तांडेल काकांना फोन केला, ते म्हणाले ड्रम धुऊन ठेवतो.