स्कोपस की वेब ऑफ सायन्स: नियतकालिकाची निवड कोण करतं?

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निवडक संशोधन नियतकालिकांच्या दोन मोठ्या सूची आहेत. प्रवेशासाठी दोन्हीकडे समीक्षित (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले) लेख, नियमित अंक, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि इंग्रजी सारांश लागतातच. खरा फरक निवडणाऱ्यांत आहे.

एल्सव्हियरच्या स्कोपसमध्ये (सुरुवात २००४) निर्णय बाहेरच्या विषयतज्ज्ञांचं सल्लागार मंडळ घेतं. एल्सव्हियर स्वतःच मोठी प्रकाशक असल्यामुळे ही सोय गरजेचीच होती. अर्जाआधी साधारण दोन वर्षांचे अंक हातात असावे लागतात. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करण्यापूर्वी बरीच वाट पाहावी लागू शकते, म्हणून घाईने अर्ज करणं अंगाशी येतं.

क्लॅरिव्हेटच्या वेब ऑफ सायन्समध्ये कंपनीचे पगारी संपादक निवड करतात आणि क्लॅरिव्हेट स्वतः नियतकालिकं प्रकाशित करत नाही. निकष २८: २४ गुणवत्तेचे, ४ प्रभावाचे. पहिले २४ पार केले की ‘इमर्जिंग सोर्सेस’ या प्राथमिक सूचीत जागा मिळते; उरलेले ४ जमले तर विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा कला-मानव्यविद्येच्या मुख्य सूचीत. नव्या संपादकांना मला हीच पायऱ्यांची रचना जास्त सोयीची वाटते. शिवाय २०२३ पासून ‘इमर्जिंग’मधल्यांनाही इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, याचा आकडा) मिळतो.

आत गेल्यावर निश्चिंत मात्र कोणीच नाही. दर्जा घसरला की दोघंही यादीतून नाव काढतात.