एका हायफनने केलेला घात

मला हव्या असलेल्या पॅकेजचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचं, नाव मला पाठ होतं. निदान तसं वाटत होतं. पॅकेज उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड लिहिली, घाईत नावातला हायफन गाळला आणि एंटर मारलं. एरर आला असता तर वाचलो असतो. पण पॅकेज उतरलं, कोड चालला, टेस्ट पास झाल्या. बदल कमिट करून, म्हणजे प्रोजेक्टमध्ये नोंदवून, मी मोकळा झालो.

ते हायफन नसलेलं नाव एका भामट्याने नोंदवून ठेवलं होतं, आणि काम चोख केलं होतं. खरं पॅकेज त्याने स्वतःच्या डिपेन्डन्सीमध्येच, म्हणजे सोबत उतरणाऱ्या पॅकेजेसमध्येच, घातलं होतं, त्यामुळे मला हवं ते सगळं मिळत होतं. वर एक पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट जोडलेली. ही स्क्रिप्ट पॅकेज उतरताच आपोआप चालते, तीही आपल्याच युजरच्या हक्कांनी. कोडमध्ये ते पॅकेज वापरलेलं असो वा नसो. तिने सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला पुरवलेल्या सेटिंग्ज, ज्यात पासवर्डही असू शकतात) गोळा करून कुठल्याशा सर्व्हरला धाडले. माझ्या लॅपटॉपवर त्यात फारसं काही नव्हतं. कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर मात्र क्लाउडची की होती, डेटाबेसचा पासवर्ड होता.

आणि तिथवर त्याला नेलं कोणी? लॉकफाइलने! उतरलेल्या पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि त्याचा हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, ती नोंदवून ठेवते. हॅश जुळला म्हणजे माल अस्सल, अशी माझी समजूत. हॅश एवढंच सांगतो की काल उतरलेलं आणि आज उतरलेलं एकच आहे. काल चोर उतरला असेल, तर आजही तोच उतरणार, इमानेइतबारे.

नऊ दिवसांनी क्लाउड खात्यात आम्ही कधीच सुरू न केलेली मशीन्स दिसली. शोधता शोधता त्या नावापाशी आलो. पॅकेज काढलं, उतरलेली पॅकेजेस जिथे साठतात ते नोड मॉड्यूल्सचं फोल्डर पुसलं, खरं पॅकेज बसवलं आणि निवांत झोपलो. ही चूक पहिलीपेक्षा मोठी. किल्लीची नक्कल चोराकडे असताना मी घर झाडत बसलो होतो. सकाळी मशीन्स पुन्हा हजर. मग कुठे एकेक की, टोकन, पासवर्ड बदलायला घेतला.

युक्ती जुनीच निघाली. २०१७ मध्ये क्रॉस-एन्व्ह या पॅकेजचा हायफन काढून कोणीतरी हाच डाव खेळलं होतं. नाव अचूक लिहून तरी काय? इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ लेखकाने देखभाल मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवली. त्याने २०१८ मध्ये फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे दुसरं पॅकेज आत घुसवलं. त्यातल्या लपवलेल्या कोडचा डोळा कोपे या वॉलेट ॲपमधल्या बिटकॉइनवर होता.

आता मी नाव हाताने लिहीत नाही, मूळ प्रोजेक्टच्या पानावरून उचलतो. चॅटबॉटने सुचवलेलं नाव तर तपासल्याशिवाय मुळीच नाही. नसलेली पॅकेजेस तो बेधडक सुचवतो, आणि तीच नावं कोणी आधी नोंदवून बसलेलं असू शकतं. इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट्स आपोआप चालू न देणारं इग्नोर-स्क्रिप्ट्स हे सेटिंग कायम चालू. काही पॅकेजेसना इन्स्टॉलची स्क्रिप्ट खरोखरच लागते, मग बिल्ड अडतं, टीममधले वैतागतात. वैतागू देत. ती स्क्रिप्ट मी आधी उघडून वाचतो, मग हाताने चालवतो.